प्रेस शॉपमधलं प्लॅनिंग घरात कसं बसवलं, पायरी पायरीने सगळं

मागच्या वर्षी जुलैमध्ये धाकट्याला ताप आला होता आणि तापाच्या सिरपचा डोस त्याला एका तासात दोनदा दिला गेला. आधी सासूबाईंनी दिला, मग नवरा ऑफिसचा कॉल संपवून बाहेर आला, कपाळ गरम लागलं म्हणून त्यानेही दिला, मी तेव्हा कंपनीत. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्या म्हणाल्या पुढचा डोस आता मला विचारल्याशिवाय देऊ नका आणि लक्ष ठेवा, पोरगं ठीक होतं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दोघंही काळजीनेच वागले होते, कोणाला काय बोलणार. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं की आमच्याकडे कंपनीत शिफ्ट संपताना डाय, म्हणजे मशीनचा साचा, अर्धवट लागलेला असेल तर पुढच्या शिफ्टचा ऑपरेटर हँडओव्हर रजिस्टर वाचल्याशिवाय मशीनला हात लावत नाही, आणि घरात पोराच्या औषधाची एक ओळ कुठे लिहायची पद्धत नाही.

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, पीपीसीला (प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल) आहे, म्हणजे कुठला पार्ट कधी चालवायचा, माल कधी मागवायचा, गाडी कधी निघणार हे बघायचं, १३ वर्षं झाली. घर चिंचवडला. सासूबाई, नवरा, सातवीतली लेक, दुसरीतला धाकटा आणि मी. नवरा हिंजवडीला, त्याची सुट्टी शनिवार-रविवार, माझी कंपनी गुरुवारी बंद. लेकीची शाळा सकाळची, धाकट्याची ९ ची, कारण २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं आणि त्याच्या शाळेने ते लगेच पाळलं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड, त्यामुळे धुणं कधी लावायचं हेही पाण्याच्या दिवसावर ठरतं. हे सगळं जुळवायचं कोणाच्या डोक्यात होतं तर माझ्या, फक्त माझ्या. त्या जुलैनंतर मी जे जे कंपनीत रोज करते ते घरात आणायला सुरुवात केली, सव्वा वर्ष झालं, काय टिकलं काय नाही ते सगळं खाली लिहितेय. नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी विचारलं म्हणून इतकं सविस्तर.

पायरी १: आठवडाभर फक्त लिहा, काहीही बदलू नका

एक शंभर पानी वही फ्रिजवर ठेवा आणि पेन दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर पेन दुसऱ्या दिवशी गायब. सात दिवस घरात जे जे काम होईल ते लिहायचं, ज्याने केलं त्याने. तीन रकाने पाडा. पहिला काम काय, दुसरा कोणी केलं, आणि तिसरा, जो सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो म्हणजे हे करायचं आहे हे कोणाच्या लक्षात होतं.

दुसरा रकाना बघून बऱ्याच घरांत वाटतं की आपलं बरं चाललंय, नवरा भांडी लावतो, भाजी आणतो, मुलं कपड्यांच्या घड्या करतात. तिसरा रकाना बघा. आमच्या वहीत सात दिवसांत ९४ ओळी झाल्या, त्यातल्या कामांपैकी निम्म्याहून जास्त इतरांनी केलेली होती, पण ७१ ओळींपुढे लक्षात कोणाच्या तर माझं नाव. भाजी नवऱ्याने आणली, पण कुठली भाजी संपलीय, उद्या डब्याला काय, सासूबाईंची चतुर्थी कधी, हे मी सांगितलेलं. कंपनीत याला प्लॅनिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळा माणूस पगार देऊन ठेवतात, तो माणूस मी आहे, म्हणून मला माहितीये की हे काम हात न हलवता दमवतं. ते पान नवऱ्याने रविवारी दुपारी एकट्याने बसून वाचलं. मी काही बोलले नाही, त्याची गरजही पडली नाही, तोच उठून म्हणाला की यातलं काय काय माझ्याकडे घेऊ ते सांग.

पायरी २: कामाची मालकी द्या, आख्खी

"मला सांग, मी मदत करतो" हे वाक्य प्रेमाचं आहे, पण त्यात सांगायचं काम परत आपल्याकडेच राहतं. कंपनीत एका पार्टचा एकच ओनर असतो. रॉ मटेरियलपासून डिस्पॅचपर्यंत तोच बघतो, शॉर्टेज आलं तर आधी त्याला कळतं. घरात पण तसंच करायचं, काम तुकड्यात द्यायचं नाही.

उदाहरण देते. धाकट्याची शाळा आम्ही नवऱ्याकडे दिली, म्हणजे नुसतं बसस्टॉपवर सोडणं नाही. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याच्याकडे, फी त्याच्याकडे, व्हॅनवाल्या काकांशी बोलणं, प्रोजेक्टला लागणारा क्राफ्ट पेपर, बूट छोटे झाले का हे बघणं, सगळं. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे देताना ठरवून घ्या की काम झालं म्हणजे नक्की काय झालं, जसं दप्तर भरणं म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे वह्या, डबा-बाटलीची जागा रिकामी, डायरीवर सही. हे एकदा बोलून घेतलं की नंतर कटकट होत नाही. दुसरं म्हणजे दिल्यावर मागून तपासायचं नाही, आणि हे मला फार जड गेलं. दुसऱ्याच आठवड्यात धाकटा पांढऱ्या ड्रेसच्या दिवशी रोजचा गणवेश घालून गेला, मला सकाळीच दिसलं होतं, मी गप्प राहिले, त्याला वाईट वाटलं, नवऱ्याला पण वाटलं. त्यानंतर नवऱ्याने स्वतः कपाटाच्या दारावर वाराप्रमाणे चिठ्ठी लावली आणि ते परत झालं नाही. मी सकाळी बोलले असते तर ती चिठ्ठी आजपर्यंत लागली नसती.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र जपून. त्या ७१ वर्षांच्या आहेत, त्यांना काम "वाटून देणं" मला बरोबर वाटत नाही. मी त्यांना विचारलं, आई, यातलं तुम्हाला काय ठेवायचंय आणि काय नकोय. त्यांनी देवपूजा, दूध आणि दुधाचा हिशेब, आणि संध्याकाळची भाजी निवडणं ठेवलं आणि सकाळच्या पोळ्या नको म्हणाल्या, गुडघे दुखतात. इतकी वर्षं त्यांनी ते सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं. पोळ्यांना आता सकाळी मावशी येतात.

मुलांसाठी आम्ही स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला काय येतं त्याचा तक्ता, वापरतो, कंपनीत प्रत्येक लाइनवर लावलेलं असतं तसं. एका बाजूला नावं, वरती कामं, प्रत्येक चौकटीत एक गोल, त्याचे चार भाग. बघितलंय तर पाव गोल भरा, कोणी सोबत असताना करता येतं तर अर्धा, एकट्याने येतं तर पाऊण, दुसऱ्याला शिकवता येतं तर पूर्ण. लेकीचा कुकर लावण्याचा गोल पूर्ण भरलाय आणि ती आता धाकट्याला डाळ-तांदूळ धुवायला शिकवते. नवऱ्याचा आणि माझा पण रकाना आहे त्यात. वॉशिंग मशीनचा फिल्टर साफ करणं घरात एकट्या नवऱ्याला येत होतं आणि गॅसचं रेग्युलेटर बदलणं एकटीला मला, हे तक्त्यामुळे कळलं. ज्या कामापुढे एकच पूर्ण गोल असेल ते काम दुसऱ्या कोणाला तरी आधी शिकवून ठेवा, माणूस आजारी पडला की मग धावपळ होते.

पायरी ३: बोर्ड आणि बुधवारची १५ मिनिटं

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी दोन बाय तीन फुटाचा पांढरा बोर्ड. वरती आठवड्याचे सात रकाने, खाली तीन ओळी: कोण कुठे, जेवायला काय, वेगळं काही. बाजूला "आणायचं" म्हणून एक खिळा, त्याचं काम पुढे सांगते. आधी मोबाइलचं कॅलेंडर शेअर करून बघितलं, पण सासूबाईंना आणि धाकट्याला ते दिसतच नाही आणि ज्याला बोर्ड दिसत नाही तो विचारायला आपल्याकडेच येतो. आपल्या आया भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा, मावशींचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख लिहायच्या, आणि घरातला कोणीही ते बघून सांगू शकायचा. हे तेच आहे, जरा मोठं.

कंपनीत रोज सकाळी सनराइज मीटिंग असते, उभ्याने, १० मिनिटांत संपते. घरात रोज जमत नाही, आम्ही आठवड्यातून एकदा बुधवारी रात्री जेवण झाल्यावर करतो कारण गुरुवारी मी घरी असते आणि उरलेली कामं उचलता येतात. क्रम ठरलेला आहे. मागच्या आठवड्यात काय राहिलं, येत्या आठवड्यात कोण कधी बाहेर, पाण्याचे दिवस कुठले, मग जेवणाचा प्लॅन, आणि शेवटी प्रत्येकाने एक मागणी सांगायची. शेवटचं काढून टाकू नका. धाकट्याने एकदा सांगितलं की आई गुरुवारी तू घरी असतेस पण दिवसभर काम करतेस. तेव्हापासून बोर्डवर गुरुवार दुपारी ४ ते ६ ला त्याचं नाव लिहिलेलं असतं. कोणी चुकलं तर त्या मीटिंगमध्ये ओरडायचं नाही हा एकच नियम, नाहीतर मुलं तिसऱ्या आठवड्यापासून यायचं टाळतात.

पायरी ४: दोन डबे

हे मला सगळ्यात आवडतं कारण आपल्याकडे हे आधीपासून आहे. घरात दोन सिलिंडर असतात ना, १४.२ किलोचे, एक संपला की दुसरा लावायचा आणि त्याच दिवशी बुकिंग करायचं, गॅस किती उरलाय हे कोणी रोज मोजत नाही. कारखान्यात याला टू बिन म्हणतात आणि कानबान कार्डाच्या, म्हणजे माल संपला की परत मागवायच्या चिठ्ठीच्या, मागे हाच विचार आहे. टोयोटातले इंजिनिअर तैइची ओनो यांना हे सुचलं ते अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून, गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं. आम्ही सिलिंडरची पद्धत डाळीला लावली, बाकी काही नाही.

करायचं असं. जो जिन्नस संपला की अडतं, त्याचे दोन डबे, पुढे एक मागे एक. मागच्या डब्याला रबर लावून एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर जिन्नस, किती आणायचा, कुठून. पुढचा डबा संपला की मागचा पुढे घ्यायचा आणि कार्ड काढून बोर्डच्या "आणायचं" खिळ्याला अडकवायचं, ज्याने डबा उघडला त्यानेच. दुकानात जाणारा कार्डं घेऊन जातो, यादी करावी लागत नाही.

मागच्या डब्यात किती ठेवायचं याचा हिशेब सोपा आहे. रोजचा वापर गुणिले सामान घरी यायला लागणारे दिवस, अधिक थोडा राखीव. आमच्याकडे तूरडाळ रोज साधारण १५० ग्रॅम लागते, आमचे वाणी दोन दिवसांत घरपोच देतात, तीन दिवस राखीव धरले तर पाच दिवसांचे ७५० ग्रॅम, म्हणून मागच्या डब्यात एक किलो. असं मोजलं तेव्हा कळलं की आम्ही साबुदाणा महिनोन्महिन्यांचा भरून ठेवत होतो आणि चहा पावडर दर दहा दिवसांनी संपत होती. सगळ्याला नका लावू. आम्ही १४ जिन्नसांनाच लावलंय: तांदूळ, कणीक, तूरडाळ, तेल, साखर, गूळ, चहा, मीठ, पोहे, शेंगदाणे, अंगाचा साबण, कपड्याची पावडर, टूथपेस्ट आणि सासूबाईंची रोजची बीपीची गोळी. गोळीची शेवटची पट्टी उघडायच्या आधीच कार्ड खिळ्याला लागतं. भाजी, दूध, फळं यात घालू नका, ती नासतात.

पायरी ५: सकाळ

सकाळबद्दल जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

प्रेसवर एका पार्टचा डाय काढून दुसरा लावेपर्यंत मशीन उभं असतं. १९६९ च्या सुमाराला टोयोटात १००० टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागायचे, जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. त्यांनी केलं काय तर कामं दोन ढिगांत वेगळी केली. मशीन बंद करूनच करावी लागणारी एका बाजूला आणि मशीन चालू असतानाच उरकता येणारी दुसऱ्या बाजूला. नवीन डाय, बोल्ट, पाने आधीच मशीनशेजारी आणून ठेवले की बंद वेळ बराच कमी होतो. मी स्वतः आमच्या लाइनवर हे केलेलं आहे.

घरातलं "मशीन बंद" म्हणजे लेक उठल्यापासून तिची व्हॅन येईपर्यंतचा वेळ. तीन दिवस मोबाइलवर स्टॉपवॉच लावून प्रत्येक काम मोजा आणि लिहा. मग एकेका कामापुढे प्रश्न विचारा, हे रात्री होऊ शकतं का. भाजी चिरणं, बाटल्या भरणं, दप्तर, गणवेश, मोजे बुटात, आयकार्ड आणि किल्ल्या दाराजवळच्या हुकला, डबे धुऊन झाकणांसकट ओट्यावर मांडलेले, हे सगळं आम्ही रात्री ९ ते साडेनऊमध्ये नेलं. कणीक पण रात्री मळून ठेवावी असं मला वाटत होतं, सासूबाईंना शिळी कणीक चालत नाही, तो विषय मी तिथेच सोडला, आठ मिनिटांसाठी त्यांचं मन दुखवायचं नव्हतं. सकाळी उरलं ते फक्त पोळ्या, फोडणी, डबा भरणं, आंघोळ, वेणी. आधी सव्वापाच ते पावणेसात अशी दीड तास पळापळ असायची, आता ५५ मिनिटांत निवांत होतं आणि लेक बसून दूध पिते.

आणि एक, अडतं कुठे ते शोधा. मला वर्षानुवर्षं वाटायचं की स्वयंपाकामुळे उशीर होतो. मोजल्यावर दिसलं की उशीर बाथरूममुळे होतो. गीझर एकाच बाथरूमला, १५ लिटरचा, एक आंघोळ झाली की परत तापायला वेळ, आणि सहा ते सव्वासहा सगळ्यांना तिथेच जायचं. ज्या मशीनवर अडतं तिथे दुसरं काम लावायचं नाही आणि ते रिकामं पण ठेवायचं नाही, हे शॉपमध्ये कोणीही सांगेल. म्हणून दात घासणं बाहेरच्या बेसिनवर, मोबाइल आत न्यायचा नाही, धाकट्याची आंघोळ संध्याकाळी खेळून आल्यावर, माझी पावणेसहाच्या आत, सासूबाईंची सगळे गेल्यावर निवांत. दुसऱ्या गीझरचे पैसे वाचले.

पायरी ६: हँडओव्हरची वही

ही पायरी मी आधी सांगायला हवी होती, कारण आमच्या घरात सुरुवात इथूनच झाली. औषधाच्या डब्यातच एक छोटी वही ठेवा. औषध दिलं की बाटली ठेवायच्या आधी लिहायचं: कोणाला, काय, किती, किती वाजता, कोणी, आणि ताप असेल तर थर्मामीटरचा आकडा. पुढचा डोस किती वाजल्यानंतर चालेल ही वेळ त्याच ओळीत लिहून तिच्याभोवती गोल करायचा, किती तासांचं अंतर ते डॉक्टरांना विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवा. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून ती वही जाड स्केच पेनने लिहितो. डॉक्टरांकडे जाताना हीच वही न्या, त्यांना तीन दिवसांचा ताप एका नजरेत दिसतो.

मुलांना एका मोठ्या माणसाकडून दुसऱ्याकडे सोपवताना पण दोन वाक्यं बोला, काय खाल्लं आणि काय राहिलंय. एवढं पुरतं.

पायरी ७: सणांचं उलटं प्लॅनिंग

आम्ही गाडी निघायच्या तारखेपासून मागे मोजत येतो. दिवाळीला तसंच करा. फराळात सगळ्यात लांब वेळ कशाला लागतो तर अनारशांना: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग कपड्यावर पसरून सावलीत जरा सुकवायचे, ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ आणखी चार-पाच दिवस मुरवायचं. म्हणजे तळायच्या दिवसापासून नऊ-दहा दिवस मागे तांदूळ भिजले पाहिजेत. त्यानंतर चकलीची भाजणी, धुवा, वाळवा, भाजा, दळा, तीन-चार दिवस. शंकरपाळे आणि चिवडा एका दुपारचं काम, ते शेवटी. दरवर्षी आम्ही शंकरपाळ्यांपासून सुरुवात करायचो आणि अनारसे विकत आणायचो, मागच्या दिवाळीत बोर्डवर वसुबारस लिहून मागे मोजत आलो आणि सासूबाईंच्या हातचे अनारसे सहा वर्षांनी झाले. लेकीने सगळं लिहून घेतलंय, तांदूळ किती ओले असताना दळायचे ते हाताने दाबून बघून.

पाहुणे, गणपती, शाळा सुरू होणं, लांबचा प्रवास, सगळ्याला हीच रीत. सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम आधी शोधायचं आणि बाकीची त्याच्या पोटात बसवायची.

बाकी थोडक्यात

मेंटेनन्स: वॉटर प्युरिफायर, एसी, गीझर, गाडीचा इन्शुरन्स आणि पीयूसी, घरपट्टी, या सगळ्याच्या तारखा एका कागदावर महिन्याप्रमाणे लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला लावा, आणि प्रत्येकापुढे एक नाव.

व्हाय-व्हाय: एखादी चूक तिसऱ्यांदा झाली की का, का, का असं पाच वेळा विचारत जायचं, टोयोटातच ही सवय रुजली. लेकीचा डबा तीनदा घरी राहिला. का, तर ओट्यावर राहिला. का, तर दप्तर हॉलमध्ये असतं आणि डबा गरम म्हणून शेवटी भरतो. आम्ही दप्तरच ओट्याशेजारच्या स्टुलावर ठेवायला लागलो, संपलं. प्रश्न कामाला विचारायचा, माणसाला "तू का विसरलास" असं विचारलं की उत्तर मिळत नाही, रडू मिळतं.

आणि कंपनीतलं हे मात्र घरात आणू नका. मुलांना कामाचे पैसे, मार्क, महिन्याचा सर्वोत्तम कामगार वगैरे. मी स्टार लावून बघितले, तीन आठवड्यांत धाकट्याने आजीला पाणी आणून दिलं आणि विचारलं, याचा स्टार किती. त्याच दिवशी तक्ता काढला. नवऱ्याच्या किंवा सासूबाईंच्या कामाचं मोजमाप बोर्डवर कधीच लिहू नका. मोजायचं ते वेळ, डबे, तारखा.

सुरुवात करणार असाल तर पहिल्या महिन्यात वही आणि मालकी एवढंच, औषधाची वही मात्र आजच. दुसऱ्या महिन्यात बोर्ड आणि पाच जिन्नसांचे डबे, तिसऱ्यात सकाळ. गणपतीच्या किंवा परीक्षेच्या महिन्यात काही नवीन सुरू करू नका, आम्ही सकाळचं सगळं एकदा मार्चमध्ये बदलायला घेतलं आणि लेकीच्या परीक्षेमुळे आठवडाभरात सोडून दिलं, मग जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवसापासून परत लावलं तेव्हा ते बसलं.